बेस हवा, पण कशासाठी?

वरातीपुढे किंवा गणपतीच्या मिरवणुकीत ध्वनियंत्रणेचा जो डोलारा चालतो त्याला आपल्या भागात लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीपासून निपाणी-बेळगावपर्यंत हा शब्द इतका रुळला आहे की वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही तोच छापला जातो. ज्यांच्या आडनावावरून तो आला ते रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि प्रथम नाव कमावले ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राने. नको असलेला आवाज काढून टाकण्यावर ज्याची कीर्ती उभी राहिली, त्याचेच नाव आपण नको तितक्या आवाजाला देऊन बसलो आहोत!

या शब्दाच्या गमतीत आपल्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे. मोठा आवाज आणि चांगला आवाज या दोन गोष्टी आपण एकच समजतो. हा घोटाळा मिरवणुकीतल्या अजस्र भिंतींपुरता राहिला असता तर महाविद्यालयाच्या अंकात त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्या वर्गांत बसणारी कितीतरी मुले लग्नसराईत आणि सुटीत लहान सेट चालवून फीचे पैसे उभे करतात. स्टँडवरचे दोन बारा इंची टॉप, एक मिक्सर, एक लॅपटॉप, दोन-चार माइक आणि हे सगळे मावेल असा एखादा छोटा हत्ती. वाढदिवस, बारसे, हळद, साखरपुडा, शाळेचे संमेलन, एवढाच त्यांचा पसारा. चार पैसे गाठीला जमले की पहिला विचार येतो तो सबवूफरचा, म्हणजे बोलीत सांगायचे तर ‘बेस’ घेण्याचा. तो घ्यावा की घेऊ नये, आणि घेतला तर कसा जोडावा, हा प्रश्न वाटतो तेवढा केवळ धंद्याचा नाही.

माझे स्पष्ट मत असे की लहान सेटला बेस अवश्य जोडावा. मात्र तो जोडायचा असतो कामाची वाटणी करण्यासाठी. आवाज वाढवण्याच्या हेतूने जो बेस घेतो, तो स्वतःचे पैसे घालून सेट, शेजाऱ्यांची झोप आणि स्वतःचे कान हे तिन्ही बिघडवतो.

वाटणी म्हणजे काय, ते तबल्याच्या जोडीकडे पाहिले म्हणजे कळते. टणत्कार उजव्यावर आणि घुमारा डग्ग्यावर. डग्गा घेतला म्हणून कुणी तबला अधिक जोराने वाजवत नाही. उलट घुमाऱ्याचे काम डग्ग्याने उचलल्यामुळे तबला मोकळा होतो. स्पीकरचेही तसेच आहे. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच मुळात आजही आपल्या पेटीत आहे: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि शंकूने ढकललेली हवा. आता सूर जितका खालचा तितकी जास्त हवा ढकलावी लागते. कंपनसंख्या निम्मी केली आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटले, तर शंकूला चौपट मागेपुढे हलावे लागते. १६० हर्ट्झवरून ४० हर्ट्झपर्यंत खाली आलो की ही हालचाल सोळापट होते. बारा इंची शंकूची धाव ठरलेली. ती संपली की तो फडफडतो, आणि त्याच शंकूवर स्वार झालेला गायकाचा किंवा निवेदिकेचा आवाजही त्याच्याबरोबर थरथरतो. “गाणे चांगले वाजले, पण बोललेले काही कळले नाही” या नेहमीच्या तक्रारीचे एक मोठे कारण हे आहे.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे व्हॉल्यूम वाढवणे. त्याचाही हिशेब पाहावा. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो ढोबळमानाने दुप्पट वाटायचा असेल तर १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे दसपट शक्ती. पाचशे वॉटचा टॉप पाच हजार वॉटचा करणे कुणाच्या खिशाला परवडणार? मग तो आहे त्यातच पिळला जातो, आणि एखाद्या हळदीच्या रात्री कॉइल जळते. कानाचीही एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असतो तेव्हा खालचे सूर आपल्याला विशेष कमी ऐकू येतात. त्यामुळे बेस नसलेला सेट माफक आवाजात पोकळ वाटतो, आणि पोकळपणा भरण्यासाठी हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जातो. वेगळ्या पेटीने खालचे सूर पुरवले, तर तेच गाणे कमी आवाजातही भरलेले वाटते. चांगल्या बेसची खरी मिळकत हीच, की त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो.

पण पेटी विकत आणली म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. ती जोडण्यात होते. पुष्कळ ठिकाणी मिक्सरमधून एक जादा तार काढून बेसला देतात आणि टॉप पूर्वीसारखेच पूर्ण पट्टीवर चालू ठेवतात. म्हणजे घरात कामाला माणूस ठेवला, पण आईच्या डोक्यावरची एकही घागर उतरली नाही! टॉप पूर्वीइतकेच हलतात, वरून १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग दोन्हीकडून वाजून नुसता गदारोळ होतो. रीत अशी असावी: मिक्सरची डावी-उजवी तार आधी बेसच्या पेटीत जावी आणि तेथून टॉपकडे. स्वतःचा अँप्लिफायर असलेल्या अनेक बेस पेट्यांच्या पाठीवर बाहेर जाणारी तोंडे असतात. ‘थ्रू’ असे लिहिलेल्या तोंडातून आलेला आवाज जसाच्या तसा पुढे जातो. ‘हाय-पास’ लिहिलेल्या तोंडातून खालचे सूर गाळून जातात. टॉपला द्यायचे ते हे दुसरे. पेटीवर ते नसेल तर टॉपच्या पाठीवरचा लो-कट वापरावा किंवा वेगळा क्रॉसओव्हर घ्यावा. मात्र दोन्हीकडे गाळणी लावू नये, नाहीतर मधल्या सुरांत खड्डा पडतो. बिनअँप्लिफायरच्या पेट्या असतील तर बेसला अँप्लिफायर वेगळा हवा आणि क्रॉसओव्हर अँप्लिफायरच्या आधी हवा. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की अँप्लिफायरला चारच ओहम दिसतात आणि चार जोडल्या की दोन. तेवढे ओझे त्याला झेपते की नाही, हे त्याच्या पाठीवर वाचूनच पुढची तार खोचावी.

ही गाळणी किती काम करते? आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या क्रॉसओव्हरचा एक प्रकार लिंकविट्झ आणि रायली या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखला जातो; लिंकविट्झ यांचा त्यावरचा लेख १९७६ सालचा. त्याचा नेहमीचा उतार सप्तकाला २४ डेसिबलचा. वाटणीची रेघ १०० हर्ट्झवर ओढली, तर ५० हर्ट्झला टॉपकडे मूळच्या अडीचशेव्या भागाहूनही कमी शक्ती पोचते. म्हणजे टॉप त्या जाचातून जवळजवळ सुटलाच. मग तोच जुना बारा इंची टॉप बोलणे स्वच्छ ऐकवू लागतो, आणि लोकांना वाटते की सेट नवा आणला! पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरही साधारण १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्या वर असतो. म्हणून माइकच्या वाहिनीवर लो-कट दाबून ठेवावा. भाषणाला बेसची गरज नसते. ज्या भाषणाला असते त्याला तो लावूनही उपयोग होत नाही.

जोडणीत आणखी दोन जागा फसवतात. पहिली पोलॅरिटीची. तारेची टोके उलटी लागली तर टॉपचा शंकू पुढे येतो त्या क्षणी बेसचा मागे जातो, आणि जेथे दोघांनी एकमेकांना हात द्यायचा तेथेच ते एकमेकांना खोडतात. याची परीक्षा सोपी आहे. खालचे सूर सतत असलेले गाणे लावून मंडपाच्या मध्यावर उभे राहावे आणि सोबत्याला बेसवरचे पोलॅरिटीचे बटण दाबायला सांगावे. ज्या बाजूला आवाज भरदार लागेल ती बाजू बरोबर. यंत्र नको, कान पुरेत. दुसरी जागा म्हणजे पेटी ठेवण्याची. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर भरते. बेस भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढे ठेवला, तर भिंतीवरून परतणारी लहर अर्ध्या लहरीने मागे पडते आणि त्याच सुराला खाऊन टाकते. म्हणून पेटी भिंतीला चिकटवून ठेवावी, नाहीतर पुष्कळ दूर न्यावी. बेस दोन असतील तर दोन टोकांना दोन ठेवण्याची हौस टाळून ते शेजारी शेजारी ठेवावेत. दोन टोकांना ठेवले की मंडपात कोठे धडधड तर कोठे शुकशुकाट होतो. पोकळ लाकडी रंगमंचावर तर बेस कधीच ठेवू नये, कारण मग रंगमंचच वाजू लागतो.

एका गोष्टीबद्दल मात्र सबुरीने लिहिणे मला योग्य वाटत नाही. नवी पेटी जोडली की पुष्कळदा सेटमध्ये घूं असा आवाज येतो. दोन यंत्रांना दोन ठिकाणांहून अर्थिंग मिळाल्यामुळे ते बहुधा घडते. यावर गल्लीतला तोडगा म्हणजे प्लगची तिसरी पिन तोडणे. हा तोडगा सांगणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याचे ऐकू नये. ती पिन आवाजासाठी नसून जिवासाठी आहे. पेटीच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती जमिनीत वाहून नेणारी वाट तीच. ती तोडल्यावर ओल्या मांडवात, हातात माइक धरलेल्या माणसाच्या देहातूनच वीज वाट काढते. घूं थांबवायचे असेल तर सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी, दोन संदेशवाहक आणि एक आवरण असलेली बॅलन्स्ड तार वापरावी, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ध्वनीच्या मार्गात छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. एवढ्या खर्चासाठी कुणाचा मुलगा पणाला लावायचा नसतो.

आता कायद्याकडे वळू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा हा आकडा ६५ होतो. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ च्या निकालात हीच रेघ आखून दिली. हे आकडे सेट चालवणाऱ्या प्रत्येकाला पाढ्यासारखे पाठ असले पाहिजेत.

पण बेसच्या बाबतीत या आकड्यांत एक पळवाट राहून गेली आहे. आवाज मोजण्याचे यंत्र ज्या ‘ए’ मापाने आकडा दाखवते, त्यात खालच्या सुरांचे वजन मुद्दाम कमी धरलेले असते: १०० हर्ट्झला सुमारे १९ आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलने. म्हणजे ५० हर्ट्झचा ९० डेसिबलचा दणका यंत्रावर ६० च दिसतो! यंत्राला तो दिसत नसला तरी शेजारच्या घराला चुकत नाही. वरचे सूर दार-खिडकी लावली की बरेचसे अडतात. खालचे सूर भिंतीतून आत येतात, तावदाने आणि मांडणीवरची भांडी हलवतात. गाण्याचे शब्द त्या घरात पोचत नाहीत, चालही पोचत नाही, पोचते ती नुसती धडधड. ज्या घरात म्हातारे माणूस आजारी आहे, तान्हे मूल आहे किंवा परीक्षेला बसलेली मुलगी आहे, त्या घराने काय करावे? ते घर काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून मला वाटते, बेस लावणाऱ्याची जबाबदारी यंत्रावरच्या आकड्यापाशी संपत नाही. कार्यक्रमापूर्वी त्याने एकदा मंडपाबाहेर पडून सर्वांत जवळच्या घराच्या भिंतीपाशी उभे राहावे. तेथे धडधड लागली की बेस खाली आणावा. यासाठी ना परवाना लागतो ना पदवी.

या भूमिकेवर दोन बाजूंनी आक्षेप येतील. एक म्हणजे “हे सगळे बंदच करा.” बारा-बारा पेट्यांच्या भिंतींनी जो त्रास दिला आहे तो पाहता हा संताप मला समजतो, आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण दोन टॉप आणि एक बेस घेऊन बारशाला जाणाऱ्या मुलाला आणि मिरवणुकीतल्या भिंतीला एकाच काठीने हाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय बंदीने कुणाला जोडणी येत नाही. जोपर्यंत लग्नात गाणे वाजणार आहे, तोपर्यंत ते वाजवणारा शिकलेला असावा की अडाणी, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप खुद्द सेटवाल्या मित्रांचा: “गिऱ्हाईकच मागते, छातीत दणका बसला पाहिजे म्हणते.” खरे आहे. पण गिऱ्हाइकाने ऐकलेले तेवढेच आहे, म्हणून ते तेवढेच मागते. शिंपी अंगाचे माप घेतो. गिऱ्हाइकाने कापड दोन वार जास्त आणले म्हणून सदरा ढगळ शिवत नाही. आणि या दणक्याचा पहिला बळी सेटवालाच असतो. खालचे सूर चहूकडे सारखेच पसरतात, त्यामुळे पेटीच्या मागे बसलेल्यालाही ते चुकत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करावे, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलला वाट्याला येतात केवळ १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली करमणुकीच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीवर १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. आपली मुले मात्र लग्नसराईत संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पेटीशेजारी असतात. कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या, त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाच्या विशीत मिळवलेले पैसे चाळिशीत कानाच्या यंत्रावर घालवायचे, हा कसला धंदा?

यात महाविद्यालयाला काही करता येण्यासारखे आहे का? पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. आपण बी.एस्सी.च्या वर्गात ध्वनिलहरी, अनुनाद आणि व्यतिकरण शिकतो, उत्तरपत्रिकेत आकृती काढून गुण मिळवतो आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडताना सारे तेथेच ठेवून येतो. व्यतिकरण म्हणजे मंडपातला तो शुकशुकाटाचा कोपरा, हे आपल्याला कुणी दाखवले नाही आणि आपणही विचारले नाही. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी भौतिकशास्त्र विभागाने सेट चालवणाऱ्या मुलांना बोलावून सभागृहातच एक प्रात्यक्षिक ठेवावे. तारा कशा जोडायच्या, गाळणी कोठे लावायची, पोलॅरिटी कशी तपासायची, आवाज कसा मोजायचा. शास्त्र शाखेने सिद्धान्त सांगावा आणि कला-वाणिज्य शाखेच्या ज्या मुलांचे हात या कामात बसले आहेत, त्यांनी तो करून दाखवावा. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे त्या दिवशी ठरवण्याचे कारण नाही. याच सूचना दोन पानांत मराठीत आणि कन्नडमध्ये छापून प्रत्येक सेटवाल्याच्या गाडीत ठेवाव्यात. कारण सेट उचलणारे हात दोन्ही भाषांतले आहेत आणि भिंतीपलीकडे झोपलेली घरेही. शेवटी संमेलनाचे कंत्राट देताना “किती वॉटचा सेट?” असे विचारण्याऐवजी “शेवटच्या रांगेत शब्द कळतील का, आणि रस्त्यापलीकडे धडधड जाईल का?” असे दोन प्रश्न विद्यार्थी-प्रतिनिधींनी विचारावेत.

गोंगाटाला कन्नडमध्ये ‘गद्दल’ म्हणतात. नादाला मात्र दोन्ही भाषांत नादच म्हणतात. बेसची एकच पेटी तिच्या तारा कशा जोडल्या यावरून गद्दल करते किंवा नाद देते. नव्या पेटीसाठी पैसे साठवणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे की पेटी आणाल त्या दिवशी प्रथम टॉपवरचे ओझे उतरवा आणि मग व्हॉल्यूमची मूठ पूर्वीपेक्षा थोडी खाली ठेवून ऐका. त्या थोड्या खालच्या आवाजात गाण्यातला प्रत्येक शब्द उमटला, तर तुमचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजा.